वर दोन अक्षरं, खाली तीन

आजचा शास्त्रभाग : कलस्सैकरांस पत्र 3:15-24



नाताळचा आठवडा सुरू आहे. करंज्या, शंकरपाळ्यांचे डबे भरलेत, खिडकीत तारा लागलाय, कॅरल राउंड आपल्या सोसायटीत येऊन गेला. पण तुमच्यापैकी काही जण आत्ता हे नाइट शिफ्टमध्ये वाचत आहेत. कुणी हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर आहे, कुणी सपोर्ट टीममध्ये, कारण क्लायंटचा सर्व्हर सण बघून बंद पडत नाही. आणि कुणी लोकलमध्ये आहे, पाठीवर गिटार, कानात हेडफोन, डोक्यात उद्याच्या उपासनेची सहा गाणी. इतरांचा सण छान व्हावा म्हणून तुमची सुट्टी जाते. घरून फोन येतो, "जेवायला येशील ना?" आणि तुम्ही म्हणता, "बघतो."

आजचं मनन मुख्यतः तुमच्यासाठी आहे. ज्यांना यंदा सण आला तरी आतून आनंद वाटत नाही, त्यांच्यासाठीही आहे.

आधी बायबल उघडा आणि कलस्सै 3:15 ते 24 सावकाश वाचा. मी थांबतो.

वाचलं? आता या वचनांचा क्रम बघा. 15 व्या वचनात पौल ख्रिस्ताच्या शांतीबद्दल बोलतो आणि शेवटी सांगतो की उपकार मानणारे व्हा. 16 व्या वचनात तो गाण्याकडे वळतो : स्तोत्रं, गीतं, आत्मिक गायनं. 17 व्या वचनात तो म्हणतो की बोलणं असो की करणं, सगळं प्रभू येशूच्या नावात करा, आणि पुन्हा शेवट पित्याचे उपकार मानण्यानेच होतो. म्हणजे गाणं मध्ये आहे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे उपकारस्तुती आहे. आता पुढे जा. 18 व्या वचनात पौल थेट घरात शिरतो. नवरा, बायको, मुलं, बाप. 22 पासून तो कामावर येतो. मालकाचं लक्ष असेल तेवढंच काम नको, जे काही करता ते जिवेभावे, प्रभूसाठी म्हणून करा.

गाणं, घर, काम. आपण या तीन गोष्टी तीन कप्प्यांत ठेवतो. गाणं रविवारी, काम सोमवार ते शुक्रवार, आणि घर उरलेल्या वेळात. पौलाच्या पत्रात मात्र त्यांच्यामध्ये भिंत नाही. आणि हे तो कुठून लिहितोय? पत्राच्या अगदी शेवटच्या वचनात तो आपल्या बंधनांची आठवण ठेवायला सांगतो. तुरुंगातून लिहितोय तो! उपकार माना असं सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा दिवस काही सुट्टीचा नव्हता.

हे वचन खरोखर जगायचं म्हणजे कसं दिसतं? त्यासाठी आज एका संगीतकाराच्या घरात डोकावूया. नाव तुम्हाला माहीत आहे : योहान सेबास्टियन बाख. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना हे नाव ओळखीचं आहे. पण त्यांच्याबद्दल आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्र म्हणजे केसांचा टोप घातलेला एक गंभीर महापुरुष. मला सांगायचंय ते त्यांच्या रोजच्या दिवसाबद्दल.

नोकरी, पगार आणि कुरकूर

1723 साली बाख जर्मनीतल्या लाइपझिग शहरात आले. त्यांचं पद होतं कांटोर, म्हणजे सेंट थॉमस चर्चच्या शाळेत मुलांना गाणं शिकवायचं आणि शहरातल्या मुख्य चर्चमधल्या संगीताची जबाबदारी सांभाळायची. राहायची जागा शाळेच्याच इमारतीत. भिंतीपलीकडे वसतिगृहातली पन्नासहून जास्त मुलं. ठरावीक आठवड्यांनी त्यांची देखरेखीची पाळी यायची. त्या आठवड्यात मुलांबरोबर पहाटे उठायचं, त्यांची प्रार्थना, जेवण, शिस्त, सगळं बघायचं. सुरुवातीच्या वर्षांत तर जवळजवळ दर रविवारी नवीन कँटाटा लिहून, त्याच्या प्रती काढून, मुलांकडून बसवून घ्यायचा. तुमच्या क्वायर मास्तरांना ही गोष्ट सांगा, ते खुर्चीत बसतील!

आणि मुलं कशी? ऑगस्ट 1730 मध्ये बाखनी नगरपरिषदेला एक टिपण दिलं. त्यात हिशेब आहे : 17 मुलं कामाची, 20 अजून तयार व्हायची, आणि 17 अशी की ज्यांच्याकडून गाणं होणारच नाही. ज्यांनी कधी मंडळीचा क्वायर सांभाळलाय, त्यांना हे वाचून हसू येईल आणि थोडं बरंही वाटेल.

त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला बाखनी एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहिलं. या पत्रात ते चक्क दुसरीकडे नोकरी मिळेल का म्हणून विचारतात. इथले अधिकारी विचित्र आहेत, त्यांना संगीताची फारशी आवड नाही, महागाई फार आहे. पगाराव्यतिरिक्त बरीचशी कमाई लग्न आणि अंत्यविधींतून यायची. त्यावर ते लिहितात की शहराची हवा चांगली असली की हे उत्पन्न घटतं. मागच्या वर्षी माणसं कमी मेली, म्हणून अंत्यविधींच्या पैशात शंभरावर थालरचं नुकसान झालं!

हसलात ना? मीही हसलो होतो. पण बघा, आपल्याला वाटतं की कृतज्ञ माणूस कुरकूर करत नाही. त्याच्या चेहऱ्यावर सतत शांत हसू असतं आणि तो रोज सकाळी आशीर्वाद मोजतो. बाखचा चेहरा तसा नव्हता. त्यांना पगाराची काळजी होती, वरिष्ठांचा राग यायचा, मित्रापाशी ते मन मोकळं करायचे. आणि त्याच पत्रात, तक्रारींच्या नंतर, ते घराकडे वळतात. अभिमानाने सांगतात की माझी सगळीच मुलं जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरीच आमची गाण्या-वाजवण्याची मैफल जमते. माझ्या बायकोचा आवाज स्वच्छ आहे आणि थोरली मुलगीही बरी साथ देते. एकाच कागदावर तक्रार आणि धन्यता. स्तोत्रसंहिताही अशीच आहे की नाही? विलाप आणि स्तुती, एकाच पुस्तकात, कित्येकदा एकाच स्तोत्रात.

1 जानेवारी ते 6 जानेवारी

आता 1730 सालची आणखी एक गोष्ट. ही सांगताना हसता येणार नाही.

त्या काळी लाइपझिगमध्ये नाताळ एका दिवसात संपत नसे. 25 डिसेंबरला सुरू झालेला सण 6 जानेवारीला, मागी लोकांच्या भेटीच्या सणापर्यंत चालायचा. चर्चच्या संगीतकाराला वर्षभरातला हा सगळ्यात जास्त कामाचा काळ. त्या नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी बाखच्या घरी एका मुलीचं आगमन झालं. नाव ठेवलं क्रिस्टियाना बेनेडिक्टा. बेनेडिक्टा म्हणजे आशीर्वादित. 4 जानेवारीला ती गेली. आणि दोन दिवसांनी, 6 तारखेला, सण होता.

ही एकटी नव्हती. 1726 ते 1733 या आठ वर्षांत लाइपझिगमध्ये बाख आणि त्यांची पत्नी आना माग्दालेना यांनी सात मुलांना मातीत ठेवलं. त्याआधी, 1720 साली, बाख मालकाबरोबर परगावी गेले असताना त्यांची पहिली पत्नी मारिया बार्बारा वारली. ते घरी पोचले तेव्हा दफनही होऊन गेलं होतं. त्यांना एकूण वीस मुलं झाली. त्यातली दहा मोठी झाली.

प्रियांनो, 6 जानेवारी 1730 ला त्या माणसाच्या मनात काय होतं हे मला माहीत आहे असा आव मी आणणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की आपण ज्याला नाताळचं आनंदी संगीत म्हणतो ते अशा घरातून आलेलं आहे. पाळणा रिकामा झालेल्या घरातून.

हे मी का सांगतोय? कारण या दिवसांत आपल्या फोनवर 'ग्रेटफुल', 'ब्लेस्ड' असं लिहिलेल्या फोटोंची रांग लागते. एकसारख्या स्वेटरमधलं कुटुंब, केक, झाड, दिवे. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्या घरी यंदा एक खुर्ची रिकामी आहे त्याला वाटतं, माझ्या मनात उपकार मानण्याची भावनाच येत नाहीये, म्हणजे माझा विश्वास कमी पडला का? कुणाचे बाबा याच वर्षी गेले. कुणाचं लग्न मोडलं. कुणाला अजून नोकरी नाही. अशा वेळी मंडळीत सगळे उभे राहून गातात आणि आपल्या घशातून आवाज फुटत नाही.

तुमच्यासाठी 17 वं वचन पुन्हा वाचूया. पौल तिथे भावनेबद्दल काही बोलत नाही. तो बोलण्या-करण्याबद्दल सांगतो. जे काही कराल ते. ताट वाढाल ते, पेटीचा भाता ओढाल तो, रुग्णाची सलाइन बदलाल ती. करताना नाव येशूचं असू द्या आणि उपकार पित्याचे माना. भावना मागून येईल, कधी उशिरा येईल. तोवर हात चालू राहू शकतात. रडत रडत केलेलं कामही देवाला अर्पण होतं.

वर आणि खाली

बाख हे कसं करत? त्यांची एक साधी सवय होती.

त्यांच्या अनेक हस्तलिखितांवर, पानाच्या अगदी वर, पहिला सूर लिहायच्या आधी दोन अक्षरं आहेत : जे. जे. हे लॅटिन शब्दांचं संक्षिप्त रूप आहे. अर्थ, येशू, साहाय्य कर. आणि शेवटच्या पानावर, शेवटच्या सुरानंतर तीन अक्षरं : एस. डी. जी. म्हणजे गौरव केवळ देवाला.

वर विनंती आणि खाली गौरव. आणि त्या दोन्हींच्या मध्ये? मध्ये मेहनत. खोडाखोड. शाई सांडलेली. रविवार जवळ आला म्हणून घाईघाईत लिहिलेल्या ओळी. मला हे फार आवडतं, कारण मधली पानं नीटनेटकी असायला हवीत अशी अटच नाही. सुरुवात त्याच्याकडे मागण्याने झाली आणि शेवट त्याला देण्याने झाला की मधली धावपळही त्याचीच होते.

आणि ही सवय फक्त मोठ्या, पवित्र रचनांसाठी नव्हती. जानेवारी 1720 मध्ये बाखनी आपल्या थोरल्या मुलासाठी, नऊ वर्षांच्या विल्हेल्म फ्रीडमानसाठी, शिकायची वही सुरू केली. सुरुवातीला सूर कसे वाचायचे ते आहे. मग एक छोटा धडा आहे : कुठल्या सुरावर कुठलं बोट ठेवायचं. आपल्याकडे अलंकार घोटतात तसा अगदी पहिला धडा. त्या धड्याच्या वर बापाने लिहिलंय : येशूच्या नावात.

बोटांच्या सरावावर! जिथे ना मंडळी आहे ना टाळ्या, फक्त एक मुलगा, एक वाद्य आणि चुकणारी बोटं. कलस्सै 3:17 मध्ये जे लिहिलंय तेच या वहीत आहे. मंडळीत वर्शिप लीड करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, स्टेजवर जाण्याआधी आपण हातात हात घालून प्रार्थना करतो, ते चांगलंच आहे. पण मंगळवारी रात्री एकट्याने मेट्रोनोम लावून प्रॅक्टिस करताना? अँप उचलताना? केबल गुंडाळताना? त्या कामाच्या वर आपण कुणाचं नाव लिहितो?

बाखकडे तीन खंडांचं एक भाष्यासहित बायबल होतं. त्यावर त्यांची सही आणि 1733 हे साल आहे. त्यांनी समासात स्वतःच्या हाताने नोंदी केल्यात. 2 इतिहास 5:13 पाशी एक नोंद आहे. तिथे शलमोनाच्या मंदिरात वाजवणारे आणि गाणारे एका सुरात परमेश्वराची स्तुती करतात, उपकार मानतात, आणि मंदिर मेघाने भरून जातं. त्याच्या बाजूला बाखनी अशा अर्थाचं लिहिलंय की भक्तीने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो. ज्या वर्षाची सही त्या बायबलवर आहे, त्याच 1733 मध्ये त्यांची चार वर्षांची मुलगी एप्रिलमध्ये गेली आणि एक दिवसाचा मुलगा नोव्हेंबरमध्ये. हे बायबल अशा माणसाच्या टेबलावर होतं.

तेरा दिवस, दहा वेळा

1734 च्या नाताळात बाखनी लाइपझिगच्या मंडळीपुढे जे ठेवलं त्याला आज आपण ख्रिसमस ओरेटोरिओ म्हणतो. प्लेलिस्टमध्ये सगळं एका दमात ऐकू येतं, पण ते सहा भाग सहा वेगवेगळ्या दिवसांसाठी होते : 25, 26 आणि 27 डिसेंबर, मग 1, 2 आणि 6 जानेवारी. त्यातल्या चार दिवशी तो भाग सकाळी एका चर्चमध्ये आणि दुपारी दुसऱ्या चर्चमध्ये व्हायचा, सेंट थॉमस आणि सेंट निकोलस. म्हणजे तेरा दिवसांत दहा वेळा. सकाळची उपासना सात वाजता सुरू व्हायची. जर्मनीतला डिसेंबर, बाहेर अंधार, थंडी, आणि मुलांचे घसे.

त्या वर्षी त्यांची दोन मोठी मुलं घर सोडून गेलेली होती. फ्रीडमान ड्रेस्डेनमध्ये ऑर्गनवादकाच्या नोकरीवर आणि कार्ल फिलिप इमान्युएल फ्रँकफर्टला, ओडर नदीवरच्या, युनिव्हर्सिटीत. ज्यांची मुलं पुण्याहून मेलबर्नला किंवा टोरांटोला गेलीत, त्या आईबाबांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

या संगीताबद्दल एक गंमत. सुरुवातीला नगारे वाजतात ना, ते संगीत बाखनी वर्षभर आधी, डिसेंबर 1733 मध्ये, राणीच्या वाढदिवसासाठी लिहिलं होतं. बाळ येशूसाठीचं अंगाईगीतही आधीच्या एका राजपुत्राच्या वाढदिवसाच्या रचनेतलं. शब्द बदलले, आणि राजवाड्यासाठी घडवलेलं गोठ्याकडे आलं. कुणी म्हणेल, वेळ वाचवला. वाचवला असेलही, इतकं काम होतं! पण मला यात एक सोय दिसते, आपल्या सगळ्यांसाठी. देवाला द्यायला दरवेळी काहीतरी कोरं करकरीत लागत नाही. ऑफिसमध्ये शिकलेलं कौशल्य, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात तयार झालेला हात, कॉलेजच्या बँडमध्ये सापडलेला सूर, ते घेऊन या. शब्द बदला, नाव बदला, आणि त्याच्यापुढे ठेवा.

जात्यापाशी सुरू झालेलं गाणं

आता कुटुंबाच्या परंपरेबद्दल. हा सण तिच्याशिवाय होत नाही.

बाख घराणं मोठं होतं आणि जवळजवळ सगळे संगीतात : कुणी कांटोर, कुणी ऑर्गनवादक, कुणी नगराचे वादक. सगळे विखुरलेले. म्हणून वर्षातून एकदा एका गावी जमायचं असा त्यांचा रिवाज होता. बाखच्या पहिल्या चरित्रकारांपैकी एक, फोर्केल, लिहितात की जमल्यावर सगळ्यात आधी एक भक्तिगीत म्हणायचे. मग थट्टामस्करी सुरू. प्रत्येक जण वेगळंच लोकगीत, वेगळेच शब्द घेऊन एकमेकांत मिसळायचा, आयत्या वेळी, आणि हसून हसून पुरेवाट व्हायची. आधी स्तुती, मग हशा. आपल्याकडेही नाताळच्या दुपारी प्रार्थना होते, जेवण होतं, आणि मग काका पेटी ओढतात आणि भजनापासून जुन्या सिनेमाच्या गाण्यांपर्यंत गाडी जाते. दोन्ही देवापुढेच चाललंय. त्याला आपलं हसणं आवडत नाही असं शास्त्रात कुठेही नाही.

1735 साली, म्हणजे त्या ओरेटोरिओच्या पाठोपाठ, पन्नाशीला आलेल्या बाखनी एक काम हाती घेतलं. घराण्यातल्या संगीतकारांची यादी लिहिली. 53 नावं. पहिलं नाव आहे वेट बाख. हा कोण मोठा संगीतकार? नाही, पाव भाजणारा! विश्वासामुळे त्याला हंगेरी सोडावी लागली आणि तो जर्मनीत येऊन स्थायिक झाला. त्याची आवड एकच : एक छोटं तंतुवाद्य. ते तो गिरणीत घेऊन जायचा आणि पीठ दळलं जात असताना वाजवत बसायचा. बाख मजेने लिहितात की दोन्ही आवाज मिळून छानच वाटत असतील, आणि निदान ताल तरी तो तिथे शिकला असेल. आणि पुढे म्हणतात की आमच्या घराण्यातल्या संगीताची सुरुवात ही अशी झाली.

दळताना गाणं आपल्याला नवं आहे का? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून गातच होत्या. कुणाच्या पणजीने त्याच जात्यावर पुढे प्रभूची गाणी म्हटली. रेव्हरंड टिळकांची गीतं आपल्या घराघरांत गेली ती काय कुणी कॉन्सर्ट हॉलमध्ये ऐकून? अशीच, स्वयंपाकघरातून, अंगणातून, संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेतून.

म्हणून आज तुम्हाला एक काम देतो. तुमच्या घराची यादी लिहा. विश्वास तुमच्यापर्यंत कुणाच्या हातून आला? पहिलं नाव कुणाचं? तुमच्या घराचा वेट बाख कोण? कदाचित गावाकडची एखादी आजी, जिला वाचता येत नव्हतं पण स्तोत्रं पाठ होती. कदाचित एखादे संडे स्कूलचे सर. कदाचित घराण्यात पहिलं नाव तुमचंच असेल, आणि घरी नाताळ साजरा करणारे तुम्ही एकटेच असाल. मग वरच्या ओळीत मंडळीतल्या त्या माणसाचं नाव लिहा, ज्याने तुम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं. ते हयात असतील तर फोन करा. मेसेज नको, फोन. उपकार मानणं म्हणजे 'आभारी आहे' असं वाटणं एवढंच नाही, ते त्या माणसाच्या कानापर्यंत जायला हवं.

सहा रोपं

जाता जाता आना माग्दालेनाबद्दल थोडंसं. ती स्वतः राजदरबारातली पगारी गायिका होती. 1721 मध्ये लग्न झालं, तेरा बाळंतपणं झाली, सात मुलं तिने लहानपणीच गमावली. या सगळ्यात ती नवऱ्याच्या संगीताच्या प्रती काढून देत होती. 1740 साली तिला कुणीतरी पिवळ्या कार्नेशनची सहा रोपं भेट पाठवली. घरात राहून मुलांना शिकवणाऱ्या नातलगाने आभाराचं पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की मुलांना नाताळच्या भेटीचं जेवढं अप्रूप असतं त्याहून जास्त तिला या रोपांचं आहे, आणि एकही सुकू नये म्हणून ती त्यांना लहान बाळासारखं जपते.

सहा रोपं. सात मुलं गमावलेली आई. तिच्याकडे उपकार न मानण्याची कारणं भरपूर होती आणि ती खोटी नव्हती. तरी एका कुंडीला पाणी घालताना तिच्या हातात आनंद होता. एवढा छोटा आनंद घ्यायलाही धैर्य लागतं. ज्यांच्या घरी यंदा दुःख आहे त्यांनी लक्षात ठेवा, कुणी दिलेल्या छोट्या गोष्टीवर आनंदी झालात म्हणून गेलेल्या माणसाशी बेइमानी होत नाही.

आज काय करायचं?

पहिलं, आजच्या दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम निवडा. भांडी असोत, एक्सेल शीट असो, स्केल्स असोत. सुरू करण्याआधी म्हणा, प्रभू येशू, साहाय्य कर. संपल्यावर म्हणा, बापा, गौरव तुला. मध्ये जे होईल ते होऊ द्या.

दुसरं, सणाच्या दिवशी तुमच्यासाठी काम करणारे कोण आहेत ते बघा. वॉचमन, डिलिव्हरी करणारा मुलगा, साउंडवाला, क्वायरमधली ती अल्टो जिचं बाळ मागच्या बाकावर झोपलंय. फराळाचं एक ताट त्यांच्यापर्यंत जाऊ द्या, नाव विचारून.

तिसरं, घरची ती यादी आणि तो फोन.

आणि ज्यांची आज ड्यूटी आहे, त्यांनी लूक 2:20 आठवा. मेंढपाळ रात्रपाळीवरच होते. त्यांनी बाळाला पाहिलं, आणि मग परत गेले. कुठे? मेंढरांकडेच. त्यांचं काम बदललं नाही, पाळीही बदलली नाही. पण परत जाताना ते देवाचं गौरव करत होते.

प्रार्थना करूया :

हे आमच्या स्वर्गीय पित्या, तू आम्हाला तुझा पुत्र दिलास, आणि तोही गोठ्यात, कामाच्या गर्दीत. आज जे सण असून कामावर आहेत त्यांच्याजवळ राहा. ज्यांच्या घरी खुर्ची रिकामी आहे त्यांच्या गप्प बसण्यातलं गाणंही तू ऐक. आमचे आईवडील, आजी-आजोबा, आमचे शिक्षक, ज्यांच्या हातून तुझं नाव आमच्यापर्यंत आलं, त्या सर्वांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. आमच्या बोटांचा सराव, आमची भांडी, आमच्या शिफ्ट, आमची खोडाखोड, सगळं तुझ्या नावात असू दे. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.

उद्याचा शास्त्रभाग : लूककृत शुभवर्तमान 2:8-20. वाचून ठेवा, उद्या भेटूच.